‘केलं असतं तर’ इंग्रजीत कसं म्हणायचं: ‘इफ’च्या वाक्यांचा उलगडा

प्रश्न थोडक्यात असा: झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड हे कंडिशनलचे, म्हणजे जर-तरच्या वाक्यांचे, प्रकार पाठ आहेत, तक्ता डोळ्यांपुढे येतो, तरी प्रत्यक्ष बोलताना-लिहिताना वाक्य फसतं. ‘इफ’नंतर ‘विल’ का घ्यायचं नाही, ‘वुड’ नेमकं कुठे बसतं, ‘इफ आय वॉज’ बरोबर की ‘इफ आय वेअर’, आणि ‘अनलेस’ कसं वापरायचं?

तक्त्यात चूक नाही. पण तक्ता इंग्रजी रूपांपासून सुरू होतो आणि आपलं वाक्य मराठीतून निघतं. जर-तरची वाक्यं बांधायची मराठीची स्वतःची पक्की पद्धत आहे आणि ती तीन ठिकाणी इंग्रजीपेक्षा वेगळी आहे. मराठी माणसाच्या बहुतेक चुका त्या तीन जागीच होतात. म्हणून सुरुवात मराठीपासून करतो.

मराठी काय करते

‘पाऊस आला तर मॅच रद्द होईल.’ यातलं ‘आला’ हे रूप दिसायला भूतकाळाचं आहे, पण पाऊस अजून यायचाय. अजून न ठरलेल्या, होऊही शकेल अशा अटीसाठी मराठी सर्रास हे रूप वापरते: फोन आला तर सांग, गाडी चुकली तर रिक्षाने ये. इंग्रजीत याच जागी साधा वर्तमानकाळ येतो: ‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.’ भूतकाळाचं रूप इंग्रजीने दुसऱ्याच कामाला, म्हणजे कल्पनेसाठी राखून ठेवलं आहे. ‘फोन आला तर’चं ‘इफ ही कॉल्ड’ केलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की फोन येण्याची तुम्हाला फारशी आशा नाही.

दुसरी जागा: ‘मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं.’ दोन्ही भागांत ‘असतं’. शाळेच्या व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. मराठीत दोन्ही पारडी सारखी असतात. इंग्रजीत तशी नसतात: ‘जर’च्या भागात एक रूप, ‘तर’च्या भागात दुसरं. ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टोल्ड यू’ ही चूक इथून येते. मराठीतली जोडी जशीच्या तशी उतरते आणि ‘वुड’ दोनदा पडतं. अमेरिकेत घरगुती बोलण्यात असं वाक्य कानावर पडतं, पण परीक्षेत आणि लेखी कामात ते चूकच धरलं जातं.

तिसरी जागा सगळ्यांत कठीण. तेच वाक्य पुन्हा वाचा: ‘मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं.’ कुणी आत्ता समोर उभं राहून पत्ता विचारतंय आणि मला तो ठाऊक नाही, तेव्हाही मी हेच वाक्य म्हणतो. गेल्या आठवड्यात कुणी विचारलं होतं आणि तेव्हा मला ठाऊक नव्हतं, त्याबद्दल बोलतानाही हेच म्हणतो. मराठीत काळ संदर्भावरून कळतो. इंग्रजीत मात्र तो क्रियापदातच सांगावा लागतो. पहिल्या प्रसंगी ‘इफ आय न्यू, आय वुड टेल यू’ आणि दुसऱ्या प्रसंगी ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू’. सेकंड आणि थर्ड कंडिशनलमध्ये जो गोंधळ होतो, त्याचं मूळ हे आहे. दोन्ही प्रकार मराठीत एकाच रूपात येत असल्यामुळे निवड करायची सवयच नसते.

एक छोटा फरकही लक्षात ठेवा. मराठीत ‘जर’ गाळता येतो, ‘तर’ राहतो. इंग्रजीत ‘इफ’ राहतो आणि ‘देन’ बहुतेक वेळा नकोच असतो. ‘इफ यू आर बिझी, देन आय विल कम लेटर’ हे चूक नाही, पण प्रत्येक वाक्यात ‘देन’ आला की लिखाण जड होतं.

दोन प्रश्न

मराठी वाक्य मनात तयार झालं की इंग्रजी करण्यापूर्वी त्याला दोन प्रश्न विचारा. पहिला: ही गोष्ट खरी असू किंवा होऊ शकते, की वस्तुस्थितीच्या विरुद्ध नुसती धरून चाललो आहोत? ‘असतो, असता, असती, असतं’ आलं की ती विरुद्ध आहे, हे मराठीच सांगते. दुसरा: कधीची गोष्ट? हा प्रश्न ‘जर’च्या भागाला वेगळा आणि ‘तर’च्या भागाला वेगळा विचारायचा. एकदाच विचारून दोघांना तेच उत्तर लावलं की मिश्र वाक्यं चुकतात. त्यांच्याकडे पुढे येतो.

विरुद्ध धरलेल्या गोष्टीत इंग्रजी क्रियापद काळात एक पायरी मागे सरकतं. आत्ताची कल्पना असेल तर भूतकाळाचं रूप, कालची असेल तर ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. ‘तर’च्या भागात आत्तासाठी ‘वुड’ आणि मूळ रूप, कालसाठी ‘वुड हॅव’ आणि तिसरं रूप. नंबरांची नावं विसरलात तरी चालेल, हे सरकणं विसरू नका.

नेहमीचं सत्य

इथे दोन्ही भागांत साधा वर्तमानकाळ. ‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.’ ‘इफ’च्या जागी ‘व्हेन’ घालून अर्थ बदलत नसेल, तर वाक्य या प्रकारचं आहे. विज्ञान, यंत्रांच्या सूचना, कामाचे नियम यांत ही वाक्यं येतात. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, तिथे ते चार-साडेचार अंश आधीच उकळतं, कारण हवेचा दाब कमी असतो. ‘इफ द एअर प्रेशर ड्रॉप्स, वॉटर बॉइल्स अ‍ॅट अ लोअर टेम्परेचर.’ इथे ‘विल बॉइल’ म्हटलं तर व्याकरण मोडत नाही, पण नियमाऐवजी एखाद्या विशिष्ट वेळचं भाकीत केल्यासारखं होतं.

पुढची, होऊ शकणारी गोष्ट

‘इफ’च्या भागात वर्तमानकाळ, दुसऱ्या भागात ‘विल’. पण दुसरा भाग ‘विल’वर अडून बसत नाही. ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ चालतात, आज्ञाही चालते: ‘इफ द प्लंबर कम्स, गिव्ह हिम द की.’ ‘इफ’च्या भागात साधाच वर्तमानकाळ हवा असंही नाही: ‘इफ यू हॅव फिनिश्ड युअर वर्क, यू मे गो’, ‘इफ यू आर लुकिंग फॉर द बँक, इट इज अराउंड द कॉर्नर.’

‘इफ’नंतर ‘विल’ का नको? अट ही भविष्याचं विधान नाही, भविष्याचं विधान दुसऱ्या भागात होतं. ‘विल’ एकदा तिथे आला की पुरे. हाच नियम ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांनाही लागतो. ‘मी पोचल्यावर फोन करीन’ म्हणजे ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच होम’, ‘व्हेन आय विल रीच’ नव्हे. नियम एकट्या ‘इफ’चा समजल्यामुळे ‘व्हेन’ची ही चूक इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांकडूनही होते.

पण ‘इफ’नंतर ‘विल’ दिसला की लगेच लाल रेघ मारू नका. तीन ठिकाणी तो बरोबर असतो. एक, जिथे ‘विल’ म्हणजे काळ नसून तयारी किंवा विनंती आहे: ‘इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल द मॅनेजर’, आपण जरा थांबायला तयार असाल तर. दोन, जिथे ‘इफ’मधली गोष्ट आधी घडायची अट नसून नंतर मिळणारं फळ आहे: ‘इफ इट विल हेल्प यू, आय विल कम अलाँग.’ माझं येणं आधी, तुमची मदत नंतर. तीन, आणि हे रोजचं: ‘तो येईल की नाही मला माहीत नाही’, ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम.’ हे जर-तरचं वाक्यच नाही. इथे ‘इफ’ म्हणजे ‘की नाही’. ‘इफ’ काढून ‘व्हेदर’ बसत असेल तर ‘विल’ खुशाल ठेवा. नियम नुकताच शिकलेली मुलं इथलाही ‘विल’ उडवतात आणि बरोबर वाक्य बिघडवतात.

आत्ताची कल्पना

‘माझ्याकडे गाडी असती तर तुला सोडलं असतं.’ गाडी नाही, आणि सोडायचा प्रश्न आत्ताचा आहे. ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्रॉप यू होम.’ यातला ‘हॅड’ भूतकाळ सांगत नाही, वस्तुस्थितीपासून दूर असल्याचं सांगतो. वाक्यात ‘नाऊ’ किंवा ‘टुडे’ बसवून पाहा. बसतं. खऱ्या भूतकाळात ते बसलं नसतं.

मराठी इथे आणखी एक गोष्ट सांगत नाही. ‘लॉटरी लागली तर घर घेईन’ आणि ‘पगार झाला तर फी भरीन’ या दोन्हींचा साचा एकच. लॉटरी लागण्याची आशा किती आणि पगार होण्याची किती, हे रूपातून कळत नाही. इंग्रजीत बोलणाऱ्याला निवड करावी लागते. ‘इफ आय विन द लॉटरी, आय विल बाय अ हाउस’ म्हणणाऱ्याने तिकीट काढलेलं आहे आणि त्याला आशा आहे. ‘इफ आय वन द लॉटरी, आय वुड बाय अ हाउस’ म्हणणारा नुसता मनात घर बांधतोय. दोन्ही बरोबर, फरक बोलणाऱ्याच्या मनातल्या शक्यतेचा. सुट्टी मागताना याचा उपयोग होतो. ‘इफ आय टेक फ्रायडे ऑफ, विल दॅट बी ओके?’ यात तुमचं जवळपास ठरलेलं आहे. ‘इफ आय टुक फ्रायडे ऑफ, वुड दॅट बी ओके?’ यात समोरच्याला नाही म्हणायला जागा आहे. काळ तोच, पुढचा शुक्रवार. मागे सरकलेल्या रूपाने आदब येते.

आता ‘वॉज’ की ‘वेअर’. कल्पनेच्या वाक्यात ‘वेअर’ सर्व कर्त्यांना चालतं: ‘इफ आय वेअर यू’, ‘इफ शी वेअर हिअर’. बोलण्यात ‘इफ शी वॉज हिअर’ही सर्रास चालतं. अर्जात, निबंधात, परीक्षेत ‘वेअर’ लिहा, आणि ‘इफ आय वेअर यू’ हा सल्ल्याचा वाक्प्रचार नेहमी ‘वेअर’नेच ठेवा. मात्र ‘इफ’ दिसला की ‘वेअर’ ही सवय लावून घेऊ नका. ‘तो काल उद्धटपणे बोलला असेल तर मी माफी मागतो’ यात कल्पना नाही, कालची खरी शक्यता आहे. तिथे ‘इफ ही वॉज रूड यस्टरडे, आय अपॉलोजाइज’ हेच बरोबर आणि ‘वेअर’ चूक.

होऊन गेलेलं

२५ जून १९८३, लॉर्ड्स, क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना. भारताच्या १८३ धावा, आणि व्हिव रिचर्ड्स ३३ वर खेळतोय. मदनलालच्या चेंडूवर त्याने मारलेला उंच फटका कपिल देवने मागे धावत झेलला. वेस्ट इंडीज १४० वर आटोपलं. ‘तो झेल सुटला असता तर कदाचित भारत हरला असता.’ हे इंग्रजीत: ‘इफ कपिल हॅड ड्रॉप्ड दॅट कॅच, इंडिया माइट हॅव लॉस्ट द मॅच.’ झेल सुटला नाही, भारत हरला नाही, दोन्ही गोष्टी संपलेल्या. दोन्ही भाग एक पायरी मागे. ‘कदाचित’ आहे म्हणून ‘वुड’च्या जागी ‘माइट’. जमलं असतं असं म्हणायचं असेल तर ‘कुड हॅव’.

या रचनेत तीन गोष्टी अडतात. पहिली, ‘हॅड हॅड’. ‘काल माझ्याकडे वेळ असता तर’ म्हणजे ‘इफ आय हॅड हॅड टाइम’. पहिला ‘हॅड’ काळाचा, दुसरा ‘असण्या’चा. विचित्र वाटतं म्हणून एक गाळला की वाक्य आजचं होतं. दुसरी, तिसरं रूप. ‘वुड हॅव केम’, ‘वुड हॅव वेंट’ चूक. ‘वुड हॅव कम’, ‘वुड हॅव गॉन’. तिसरी, ऐकताना. ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोन्ही आखडून नुसता ‘ड’ उरतो: ‘इफ आयड नोन, आयड हॅव टोल्ड यू.’ ओळखायची खूण पुढच्या शब्दात आहे. ‘ड’नंतर ‘नोन’, ‘सीन’, ‘गॉन’ असं तिसरं रूप आलं तर तो ‘हॅड’. ‘नो’, ‘सी’, ‘गो’ किंवा ‘हॅव’ आलं तर ‘वुड’. आणि ‘वुड हॅव’ झपाट्याने ‘वुडव’ ऐकू येतं, त्यामुळे काही जण ‘वुड ऑफ’ लिहितात. तसं काही इंग्रजीत नाही.

दोन भाग, दोन काळ

इथे तक्ता खरोखर अपुरा पडतो. ‘मी तुझ्या जागी असतो तर ही नोकरी सोडली नसती.’ हे वाक्य दोन माणसांना म्हणता येतं. एकाने अजून राजीनामा दिलेला नाही, तो विचार करतोय. दुसऱ्याने गेल्या महिन्यात दिलाय. मराठी वाक्यात एका अक्षराचाही फरक नाही. इंग्रजीत पहिल्याला ‘इफ आय वेअर यू, आय वुड नॉट लीव्ह धिस जॉब’ आणि दुसऱ्याला ‘इफ आय वेअर यू, आय वुड नॉट हॅव लेफ्ट द जॉब’. दुसरं वाक्य पहिल्या माणसाला म्हटलंत तर तो गोंधळेल, कारण त्याने अजून काहीच सोडलेलं नाही. ‘इफ आय वेअर यू’ मात्र दोन्हीकडे तसंच राहिलं. मी तू नाही, ही गोष्ट कालची नाही आणि आजची नाही, कायमची आहे. ‘तर’च्या भागाचा काळ तेवढा बदलला.

दोन भागांना प्रश्न वेगळा विचारायचा, असं वर म्हटलं ते यासाठी. कायमचा स्वभाव आणि कालचा परिणाम: ‘तो इतका विसराळू नसता तर पाकीट हरवलं नसतं’, ‘इफ ही वेअर नॉट सो फर्गेटफुल, ही वुड नॉट हॅव लॉस्ट हिज वॉलेट.’ उलट दिशेने, कालचं कारण आणि आजचा परिणाम: १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे दोन भाग झाले. ‘इफ बॉम्बे स्टेट हॅड नॉट बीन डिव्हायडेड इन १९६०, मुंबई अँड अहमदाबाद वुड स्टिल बी इन द सेम स्टेट.’ विभाजन झालं तेव्हा, पण आपण बोलतोय आजच्या नकाशाबद्दल. इथे ‘वुड हॅव बीन’ लिहिलं तर वाचणारा विचारेल, कधी? ‘स्टिल’, ‘नाऊ’, ‘टुडे’ हे शब्द ‘तर’च्या भागात आले की ‘हॅव’ जवळपास नेहमी काढावा लागतो.

‘असेल तर’ वेगळं

मराठीत ‘असता तर’ आणि ‘असेल तर’ यांत एका मात्रेचं अंतर नाही, आकाश-पाताळाचं आहे, आणि हा फरक आपण कधी चुकत नाही. ‘तो पाचला निघाला असता तर’, म्हणजे निघाला नाही. ‘तो पाचला निघाला असेल तर’, म्हणजे निघाला का ठाऊक नाही. दुसऱ्याचं इंग्रजी: ‘इफ ही लेफ्ट अ‍ॅट फाइव्ह, ही मस्ट बी होम बाय नाऊ.’ इथला ‘लेफ्ट’ खराखुरा भूतकाळ आहे, कल्पना नाही, म्हणून ‘वुड’ येत नाही. शिकवण्यांमध्ये हा प्रकार बहुतेक वेळा सुटतो, आणि मग ‘इफ’नंतर भूतकाळ दिसला की सेकंड कंडिशनल समजून पुढे ‘वुड’ लावला जातो. ‘असेल’ आहे की ‘असता’, एवढं मराठीत पाहिलं की चूक होत नाही.

‘अनलेस’

‘अनलेस’च्या पोटात ‘नॉट’ आधीच आहे. अडचण पुन्हा मराठीची: ‘जोपर्यंत तू अभ्यास करत नाहीस तोपर्यंत पास होणार नाहीस.’ मराठीत दोन नकार लागतात, म्हणून ‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल नॉट पास’ असं वाक्य तयार होतं. इंग्रजीत त्याचा अर्थ उलटा होतो. बरोबर: ‘अनलेस यू स्टडी, यू विल नॉट पास.’ ‘अंटिल’चंही तसंच: ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ म्हणजे ‘वेट अंटिल ही कम्स’, ‘अंटिल ही डझ नॉट कम’ नव्हे.

परीक्षेत ‘अनलेस’ वापरून वाक्य बदला असा प्रश्न आला की पायऱ्या अशा: ‘इफ’च्या भागात ‘डू नॉट’ किंवा ‘डझ नॉट’ शोधा, तो काढा, ‘इफ’ काढून ‘अनलेस’ लिहा, आणि ‘डझ नॉट’ काढला असेल तर क्रियापदाला ‘एस’ परत जोडा. ‘इफ ही डझ नॉट हरी, ही विल मिस द ट्रेन’चं ‘अनलेस ही हरीज, ही विल मिस द ट्रेन’. तो शेवटचा ‘एस’ विसरल्यामुळे गुण जातात. ‘इफ’च्या भागात नकार नसेल तर तो ‘तर’च्या भागातून आणावा लागतो: ‘इफ यू वर्क हार्ड, यू विल पास’चं ‘अनलेस यू वर्क हार्ड, यू विल नॉट पास’. तर्काच्या दृष्टीने हा अर्थ तंतोतंत तोच नाही, पण परीक्षेत असं रूपांतर स्वीकारलं जातं.

प्रत्येक ‘इफ नॉट’चं ‘अनलेस’ होत नाही. ‘पाऊस आला नाही तर मला वाईट वाटेल’ हे ‘आय विल बी सॅड इफ इट डझ नॉट रेन’. इथे पाऊस न येणं हेच दुःखाचं कारण आहे. ‘अनलेस इट रेन्स’ म्हटलं तर अर्थ होतो, दुःख तर आहेच, पाऊस आला तरच टळेल. कल्पनेच्या वाक्यांतही ‘अनलेस’ सहसा टाळा, ‘इफ नॉट’च ठेवा.

‘समजा’, ‘म्हणून’ आणि ‘जरी’

‘जर समजा तो आला नाही तर’ हे मराठीत सहज चालतं. त्यातून ‘इफ सपोज ही डझ नॉट कम’ तयार होतं, आणि ते महाराष्ट्रातच काय, देशभर ऐकू येतं. ‘सपोज’ म्हणजेच अट. दोघांतला एकच ठेवा: ‘सपोज ही डझ नॉट कम, व्हॉट विल यू डू?’

‘इन केस’ हा ‘इफ’चा जुळा भाऊ नाही. ‘पाऊस आलाच तर असावी म्हणून छत्री घे’ यातलं ‘म्हणून’ हा त्याचा अर्थ: ‘टेक अ‍ॅन अंब्रेला इन केस इट रेन्स.’ छत्री आत्ताच घ्यायची. ‘टेक अ‍ॅन अंब्रेला इफ इट रेन्स’ म्हणजे पाऊस सुरू झाला की घे. अट आधी घडायची की तयारी आधी, एवढं पाहा.

‘जरी-तरी’ मराठीत दोन कामं करतं. ‘पाऊस आला तरी आम्ही निघू’ यात पाऊस येईल की नाही ठाऊक नाही, म्हणून ‘इव्हन इफ इट रेन्स’. ‘पाऊस पडत होता तरी आम्ही निघालो’ यात पाऊस खरोखर होता, म्हणून ‘इव्हन दो इट वॉज रेनिंग’ किंवा ‘ऑलदो’. खरी घटना असेल तर ‘दो’, शक्यता असेल तर ‘इफ’. आणि ‘ऑलदो’ने सुरुवात केल्यावर दुसऱ्या भागात ‘बट’ घालायचा नाही. ‘तरी’चं काम ‘ऑलदो’ने केलेलं असतं.

पत्रं आणि ईमेल

‘काही अडचण असल्यास संपर्क साधावा’ यातल्या ‘असल्यास’ची औपचारिक छटा इंग्रजीत ‘शुड’ने येते: ‘शुड यू हॅव एनी डिफिकल्टी, प्लीज कॉन्टॅक्ट अस.’ हा ‘शुड’ कर्तव्याचा नाही, ‘इफ’ची जागा घेणारा आहे. तसंच ‘हॅड आय नोन’ म्हणजे ‘इफ आय हॅड नोन’, आणि ‘वेअर ही टू रिझाइन’ म्हणजे ‘इफ ही वेअर टू रिझाइन’. या रचनेत नकार जोडून आखडायचा नाही. ‘हॅड आय नॉट सीन इट’ बरोबर, ‘हॅडन्ट आय सीन इट’ चूक. बोलताना ही रूपं भारदस्त वाटतात, ती पत्रापुरती ठेवा.

विनंतीच्या एका वाक्यात ‘इफ’च्या भागात ‘वुड’ किंवा ‘कुड’ चालतो, आणि चांगला दिसतो: ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड द रिपोर्ट बाय मंडे.’ ‘इफ’च्या भागातला असा ‘वुड’ म्हणजे समोरच्याची मर्जी. ‘अप्रिशिएट’ वापरायचं असेल तर मध्ये ‘इट’ घाला: ‘आय वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड रिप्लाय टुडे.’ आपल्याकडच्या ईमेलमध्ये हा ‘इट’ सतत गळतो.

‘विश’

‘मला पोहता येत असतं तर किती बरं झालं असतं’ असं वाक्य ‘आय विश’ने सुटसुटीत होतं, आणि काळ सरकवण्याचा नियम तोच: आत्ताबद्दल ‘आय विश आय कुड स्विम’, कालबद्दल ‘आय विश आय हॅड लर्न्ट इट अ‍ॅट स्कूल’. दुसऱ्याने वागणं बदलावं अशी इच्छा असेल तर ‘आय विश ही वुड लिसन’. होऊ शकणाऱ्या गोष्टीसाठी ‘विश’ नको, ‘होप’ हवं: ‘आय होप यू पास.’

सरावासाठी रोज एक मराठी वाक्य घ्या आणि ते तीन प्रकारे फिरवा. ‘वेळ मिळाला तर येईन’: ‘इफ आय गेट टाइम, आय विल कम.’ ‘आज वेळ असता तर आलो असतो’: ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम.’ ‘काल वेळ असता तर आलो असतो’: ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम.’ मराठीत ‘आज’ आणि ‘काल’ मुद्दाम लिहा. महिनाभराने ते न लिहिताही मनात उमटू लागतात. मग चौथं, मिश्र वाक्य स्वतः जुळवा.

विरामचिन्हांचं थोडक्यात: ‘इफ’चा भाग आधी आला तर त्याच्यानंतर स्वल्पविराम, नंतर आला तर सहसा नाही. प्रश्न ‘तर’च्या भागात तयार होतो, आणि तिथे ‘वुड’ कर्त्याच्या आधी येतो: ‘व्हॉट वुड यू डू इफ यू लॉस्ट युअर फोन?’ ‘व्हॉट यू वुड डू’ नव्हे.

आणि दुसऱ्याचं बोलणं सांगताना सावध राहा. ‘इफ इट रेन्स, वी विल कॅन्सल द मॅच’ असं कुणी म्हणालं, तर सांगताना ते ‘ही सेड दॅट इफ इट रेन्ड, दे वुड कॅन्सल द मॅच’ होतं. दिसायला सेकंड कंडिशनल, पण मागे सरकलेली रूपं इथे कल्पनेची नाहीत, ‘सेड’मुळे आलेली आहेत. मूळ वाक्य आधीच कल्पनेचं असेल, तर ते सांगताना सहसा बदलत नाही: ‘ही सेड दॅट इफ ही वेअर मी, ही वुड टेक द जॉब.’